बोला ना जी!

कोल्हापूरहून सुटलेली महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाला पोहोचते तेव्हा तारीख बदललेली असते. तेराशेहून जास्त किलोमीटर कापूनही ही गाडी राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. ऊस, कांदा, केळी, कापूस, संत्री, धान. सगळा महाराष्ट्र ओळीने खिडकीतून जातो. त्याच महाराष्ट्रातली माणसं डब्यात चढतात, उतरतात, घाम पुसतात, डबे सोडतात. आणि आपला सुशिक्षित प्रवासी वरच्या बर्थवर पडून कोरियन मालिका बघत असतो.

परक्या माणसांच्या सुखदुःखात त्याला फार रस आहे. फक्त ती कोरियात हवीत.

शेजाऱ्याशी बोललं की बरं वाटतं, हे सिद्ध करायला शिकागोत प्रयोग करावा लागला. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन संशोधकांनी लोकल आणि बसच्या रोजच्या प्रवाशांना गाठलं. काहींना सांगितलं, अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प बसा. उरलेल्यांना सांगितलं, रोज करता तेच करा. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आला: बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. खरी गंमत पुढे आहे. प्रवासाआधी अंदाज विचारले तेव्हा लोक नेमकं उलटं सांगत होते. गप्प बसण्यातच सुख आहे म्हणे.

म्हणजे स्वतःच्या सुखाचा पत्ताही माणसाला शेजाऱ्याला विचारावा लागतो.

तुमसर रोडला चढून तिरोडा यायच्या आत तीन सोयरिकींची चौकशी उरकणाऱ्या मावशींनी हा निबंध वाचलेला नाही. त्यांना वेळ कुठला?

तुम्ही म्हणाल, फलाटावर घोषणा होते त्याचं काय? अनोळखी व्यक्तीकडून खाण्याचे पदार्थ घेऊ नका. सल्ला रास्त आहे. गुंगीची बिस्किटं खाऊन सामान घालवलेली माणसं खरी आहेत. तेव्हा बिस्किट घेऊ नका, चहा घेऊ नका, प्रसादही घेऊ नका. पण बोलू नका, असं त्या घोषणेत कुठं म्हटलंय? ते आपण आपल्या सोयीनं जोडलं. आणि जरा आठवून बघा. आजवर तुम्हाला मोठा चुना लावला तो कोणी? पतपेढीत ठेव ठेवायला लावणारा अनोळखी होता? दामदुप्पट योजना गळ्यात मारणारा? तो तर साडू होता.

परक्याला तुम्हाला फसवायचं तर आधी तुमची सगळी माहिती काढावी लागते. साडूकडे ती तयार असते.

गोंदियात अनोळखी माणूस शोधायला खटपट पडत नाही. हावडा–मुंबई मार्गावरचं हे जंक्शन. एक फाटा वर बालाघाटमार्गे जबलपूरला जातो, एक खाली वडसा, नागभीड करत बल्लारशाहला. पूर्वेला तासाभरात छत्तीसगड, उत्तरेला त्याच्याही आधी मध्य प्रदेश. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा म्हणजे राज्याचं शेवटचं टोक. अर्थात, मुंबईहून मोजायला सुरुवात केली तर. फलाटावरच्या एकाच चहाच्या ठेल्यापाशी मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी आणि गोंडी कानावर पडते. आणि मुंबईचा पाहुणा त्याच ठेल्याला टेकून मोबाइलला विचारतो, गोंदियात बघण्यासारखं काय आहे?

मोबाइल सांगतो, जवळचं एटीएम.

या मार्गावरचा अपडाऊनवाला ही एक वेगळीच जमात. महिन्याचा पास, जेवणाचा डबा, पत्त्यांचा कॅट आणि ठरलेली चौकडी. त्याला ॲप लागत नाही. गाडी आऊटरला थांबली की तो खिडकीबाहेर न बघताच सांगतो, 'मालगाडी काढतील आता. वीस मिनिटं.' ॲपच्या मते तोवर गाडी वेळेवर धावत असते. वीस मिनिटं जातात, मालगाडी जाते, अपडाऊनवाला पुढचा डाव वाटतो. ॲप काय करतं? पाच तारे मागतं.

छोट्या लाइनच्या काळात निदान गाडीच इतकी रमतगमत चालायची की बोलण्यावाचून इलाज नसे. जबलपूरची ती लाइन आता मोठी झाली. गाड्या सुसाट सुटल्या, गप्पा अर्ध्यावर राहू लागल्या. विकासाला काहीतरी द्यावं लागतंच म्हणा.

पावसाळ्यात खिडकीबाहेर गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया दिसतात. शहरी पाहुणा फोटो काढतो, स्टेटस टाकतो: 'हिरवा स्वर्ग'. समोरच्या बाकावर धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसलेले बाबा असतात. त्यांना विचारलं असतं तर कळलं असतं की पाऊस आठ दिवस लांबला तर पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, काय होतं. रोवणीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत, लांबच्या गावातून गाडी करून आणाव्या लागतात. धान खरेदी केंद्रावर नेऊन टाकलं तरी चुकारे हातात पडेपर्यंत पुढच्या हंगामाची उधारी उभी राहते. एवढं सगळं दोन स्टेशनांमध्ये कळतं. कृषी अर्थशास्त्राची पदवी घ्यायला कित्येक वर्षं लागतात.

आणि पदवी घेतल्यावरही चुकारे कधी येतील, ते सांगता येत नाही.

सारसाचं घ्या. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यात उंच पक्षी, जवळजवळ माणसाएवढा. राज्यात जे काही सारस उरलेत ते बहुतेक सगळे याच जिल्ह्यात, तलावांच्या काठी आणि धानाच्या बांध्यांमध्ये. पुण्याचा हौशी छायाचित्रकार हातभर लांबीची लेन्स घेऊन नागझिऱ्याची सफारी बुक करतो, पहाटे चारला उठतो, जिप्सीत धूळ खातो. सारस धुळीत नसतो. तो बांधीत असतो, घरटंही तिथंच करतो. आणि ज्याच्या बांधीत ते घरटं असतं, तो शेतकरी नागपूरपासून याच छायाचित्रकाराच्या समोर मांडीवर पिशवी घेऊन बसलेला असू शकतो. कोणी विचारलंच नाही, तर तो तरी आपणहून काय सांगणार, की माझ्याकडे पाच फुटी पाहुणे आलेत म्हणून?

तिकडे जिप्सीतून वाघही दिसत नाही. ते वेगळं.

'गप्पांनी पोट भरतं का हो?' असा एक व्यवहारी सवाल असतो. त्याला मारुती चितमपल्ली हे उत्तर पुरे. माणूस मूळचा सोलापूरचा. वनखात्याच्या नोकरीनं नवेगावबांधला आणून टाकला. आता गावाला वनाधिकारी ठाऊक असतो तो कसा? जीप, खाकी, दरडावणी आणि संध्याकाळी कोंबडीची चौकशी. हा अधिकारी मात्र भलतंच विचारत सुटला. ढिवरांना माशांबद्दल, गोंडांना रानातल्या वाटांबद्दल, गावच्या माधवराव पाटलांना तलावाबद्दल. तलावही साधासुधा नव्हे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. पुढे लोकांनी त्यांचा कोलासूर देव केला. पाणी कुठून येईल, पाळ कुठं घालावी, किती गावांचं धान त्यावर पिकेल, हा सगळा हिशेब कोहळ्यांनी कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी न भरता केला. तो कुठल्या फायलीत होता? कुठल्याच नाही. लोकांच्या तोंडी होता. ज्यानं विचारलं त्याला मिळाला.

विचारत गेलेल्या त्या माणसाच्या हातून 'नवेगावबांधचे दिवस' लिहून झालं. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आलं, २०२५ मध्ये पद्मश्री. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. श्रद्धांजलीच्या सभांतून सगळ्यांनी 'अरण्यऋषी' म्हणून हात जोडले. कोणाला ऋषी म्हटलं की एक सोय होते. त्याच्यासारखं वागायची जबाबदारी आपल्यावर उरत नाही.

नाहीतर त्याच जंगलात किती अधिकारी आले आणि बदलून गेले! त्यांनीही डायऱ्या लिहिल्या. किलोमीटर आणि भत्ता.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींकडून वचन घेतलं होतं: वर्षभर देश हिंडायचा, बघायचं, ऐकायचं, सार्वजनिक प्रश्नांवर तोंड उघडायचं नाही. गांधीजी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात जाऊन बसले. कान उघडे, तोंड बंद. आजच्या डब्यात बघा. कानांत बुचं आणि अंगठा चालू. देशाच्या परिस्थितीवर एकामागून एक संदेश सुटताहेत. देश समोरच बसलाय, फल्ली सोलत. त्याला कोणी विचारत नाही.

टरफलं पायाखाली टाकतो म्हणून त्याच्याकडे डोळे वटारून बघतात तेवढंच.

अंदाज बांधण्यात मात्र आपला हात कोणी धरणार नाही. अर्जुनी-मोरगावकडे जाणाऱ्या गाडीत तिबेटी चेहऱ्याचा माणूस दिसला की डब्यातला शहाणा मनाशी ठरवून टाकतो: नेपाळी. नाहीतर मणिपुरी. फार तर दार्जिलिंग. विचारलं असतं तर 'गोठणगावचा जी' असं उत्तर आलं असतं. प्रतापगड–गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग नावाची. तिथं जन्मलेली पहिली पिढी आता नातवंडं खेळवायच्या वयाला आली. आपण हिवाळ्यात शहरातल्या फुटपाथवर त्यांच्याशी स्वेटरचा भाव करतो, तोही मोडक्या हिंदीत. आपल्याला वाटतं, परक्या मुलखातून आलेल्या माणसाला आपण सांभाळून घेतोय.

त्याला बहुधा वाटत असेल, या पुणेकराचं हिंदी कोण सुधारणार?

माघ पौर्णिमा जवळ आली की सालेकसा, दरेकसाकडच्या गाड्या ओसंडतात. पिवळे फेटे, झेंडे, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. खिडकीशी बसलेला बाबू वैतागतो: 'कसली गर्दी ही?' कचारगडची. गोंड समाजाचं हे श्रद्धास्थान. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून माणसं येतात. बाबूनं थोडं सरकून शेजारच्या म्हाताऱ्याला जागा दिली असती आणि विचारलं असतं, तर त्याला कली कंकालीच्या तेहतीस पोरांची गोष्ट ऐकायला मिळाली असती. ती पोरं गुहेत कोंडली गेली, आणि पारी कुपार लिंगोनं त्यांची सुटका केली. गोष्ट लांब आहे. दरेकसा येतं तरी संपत नाही. पर्यटनाच्या माहितीपत्रकात मात्र ती चटकन आटपते: 'भव्य गुहा, निसर्गरम्य परिसर, पार्किंगची सोय.'

पोरं अजून आतच आहेत.

बल्लारशाहच्या गाडीत दिवाळीनंतर बसलात तर आज रात्री नाटक कुठं आहे, ही बातमी फुकट मिळते. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री पडदा उघडतो, पहाटे पडतो. समोरचा माणूस नुसतं गाव सांगून थांबत नाही. कुठल्या कंपनीचं नाटक, नटी कोण, गेल्या वर्षी त्यांनी कुठं रडवलं होतं, सगळं सांगतो. याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईचे कित्येक नाट्यरसिक दचकले. हे कोण? त्या दिवसांत तिकडे 'मराठी रंगभूमीला प्रेक्षक मिळेल का?' हा परिसंवाद वातानुकूलित सभागृहात चालू असेल. इकडे गाव शाली पांघरून, मांडवात दाटीवाटीनं बसून उजाडेपर्यंत जागत असतं.

परिसंवादाला किती जण होते, ते विचारू नये. वक्ते धरायचे की सोडायचे, यावरच आयोजकांचं एकमत होत नाही.

आता एवढं गुणगान झालं, तर खरंही बोलू. 'कोन्या गावचे जी?' हा इकडचा पहिला प्रश्न गोड. पण त्याच्या पाठोपाठ येतो तो दुसरा. 'आडनाव?' आवाज तसाच गोड, फक्त डोळे बारीक होतात. चौकशी गावाची, मोजमाप जातीचं. उत्तर ऐकून कोणी सरकून जागा करून देतो, कोणी सरकून अंतर वाढवतो. दोन्ही वेळा सरकणं तेवढंच, चार बोटं. एकाच्या वाट्याला बाक येतो, दुसऱ्याच्या वाट्याला दाराजवळची जागा. 'प्रवासात माणसं किती मोकळी बोलतात नाही!' म्हणून जे भारावतात, त्यांचं आडनाव एकदा तपासून बघावं. त्यांना बहुधा खिडकीच मिळालेली असते.

म्हणून काही जण गाव सांगतात आणि आडनावाच्या वेळी चहावाल्याला हाक मारतात. चहा नको असतो. चहावाल्याची वेळ मात्र अचूक असते.

आणि बाई एकटी असली तर? तिला 'कुठं चालल्या?' विचारणारे सगळेच शिकागोचे संशोधक नसतात. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, कानात काही घातलं, मोबाइलवर नसलेल्या भावाशी मोठ्यानं बोलणं सुरू केलं, तर तिचा हिशेब बरोबर आहे. तिला माणूसघाणी म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या पोरीला प्रवासाला निघताना काय बजावलं, ते आठवावं.

बायकांच्या डब्यात मात्र चित्र बदलतं. मोबाइल पिशवीत जातो, लसूण बाहेर येतो. सोलता सोलता कळतं की बचत गटाचं व्याज कुठं कमी आहे, नर्सिंगला पोरीला घातलं तर खर्च किती, कुठल्या दवाखान्यात डॉक्टर खरंच बसतो आणि कुठं नुसती पाटी बसते. गोंदियाला उतरेपर्यंत अर्धा किलो लसूण सोलून होतो आणि एका लग्नाची बोलणी मोडतात. मोडली ते बरंच झालं, असं पुढच्या खेपेला कळतं.

पुरुषांच्या डब्यात तेवढ्या वेळात एक सरकार पडून दुसरं आलेलं असतं.

अनोळखी माणूस तीन विषयांतला हमखास तज्ज्ञ असतो: मधुमेह, निवडणूक आणि तुमच्या मुलाचं करिअर. कारल्याचा रस सांगेल, उमेदवार सांगेल, 'पोराला आयटीआय करू द्या' म्हणेल. ऐकून घ्या. पहिलं डॉक्टरला विचारा, दुसरं विसरून जा. तिसरं मात्र अधूनमधून खरं निघतं, आणि तेच आपण मनावर घेत नाही.

हल्ली शहरात 'लोकल एक्सपीरियन्स' विकत मिळतो. सारवलेलं अंगण, चुलीवरचं जेवण, 'गावकऱ्यांशी संवाद: अर्धा तास', जीएसटी वेगळा. तोच गावकरी सकाळी गाडीत भेटला असता तर दोन तास बोलला असता आणि वर 'घरी चला जी, जेवून जा' म्हणाला असता. पण त्याची पावती मिळाली नसती. पावतीशिवाय अनुभव खरा आहे, हे ऑफिसातल्यांना पटवायचं कसं?

बरं, या गप्पांत नुसती माहितीच मिळते असं नाही. गळ्याशी आलेलं बोलूनही टाकता येतं. भावाशी चाललेला बांधाचा दावा, डोक्यावरचं कर्ज, पोराची दारू. जे बायकोजवळ निघत नाही ते परक्यासमोर भडभडून बाहेर पडतं. तो ऐकतो, मान हलवतो, मध्येच 'हव जी' म्हणतो. सल्ला दिलाच तर एक ओळीचा. आणि तिरोड्याला उतरून जातो.

नातेवाईक कुठं उतरतात?

आता डिसेंबर २०२२ पासून नागपूर–बिलासपूर वंदे भारत गोंदियाला थांबते. चकाचक गाडी, आपोआप उघडणारी दारं, काच बंद. खुर्च्या एकामागे एक लावलेल्या, त्यामुळे बहुतेकांच्या समोर माणूस नसतोच. पुढच्याचं टक्कल असतं. हिंमत करून त्या टकलाला हाक मारून बघा: 'कोन्या गावचे जी?' तो दचकेल. कानातलं काढेल. मागे वळून तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळेल. आणि विचारेल, 'चार्जर पाहिजे का?'